पोवळ्याची माळ कुणाकडे

मी, इनास पास्कू बार्देस्कर, वय वर्षे ब्याऐंशी, धर्माने ख्रिस्ती कॅथलिक, पेशाने मराठीचा सेवानिवृत्त शिक्षक, मूळ गाव चंदगड तालुक्यात, हल्ली मुक्काम कळंबा, तालुका करवीर, जिल्हा कोल्हापूर, देवाला स्मरून आणि पूर्ण शुद्धीत हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. मला कुणी धाक घातलेला नाही की गोड बोलून भरीस पाडलेले नाही. कानाने कमी ऐकू येते. डोळ्यांतले मोतीबिंदू काढून झाले. हात थरथरतो, शुद्धलेखन अजून थरथरत नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही, त्यामुळे रद्द करण्याजोगेही काही नाही.

शेजारची ॲडव्होकेट राजनंदिनी हिने मला नमुना आणून दिला. मी लिहिलेली पहिली पाने वाचून ती म्हणाली, "काका, हे मृत्युपत्र आहे, निबंध नव्हे." मी म्हणालो, "पोरी, जन्मभर दुसऱ्यांच्या पोरांना निबंध लिहायला लावले. एक तरी मला लिहू दे." तिने कलमांना आकडे घालण्याची अट घातली. ती मी पाळली आहे.

कलम १. माझी पत्नी फिलोमिना, माझी फिलू, २०१९ साली, महापुराच्या दिवसांत, माझ्या आधी गेली. मुलगा आग्नेल मस्कतला नोकरीला आहे. सून संयोगिता ही राधानगरीकडच्या शेतकरी मराठा घरातली. आग्नेलशी लग्न करून आली तेव्हा तिला क्रूस कुठल्या हाताने करतात तेही ठाऊक नव्हते. आज आमच्या घरातली वेदी तीच लावते. नात अनुजा पुण्याला शिकते. याखेरीज माझ्या मिळकतीवर कुणाचा हक्क नाही.

कलम २. कळंब्याचे घर, पुढच्या अंगणासह आणि त्यातल्या प्राजक्तासह, मी संयोगिताच्या एकटीच्या नावे करत आहे. आग्नेलला हे फोनवर सांगितले. तो म्हणाला, "आण्णा, घर तिचंच हाय की, कागद आत्ता व्हायलाय." माझ्या मुलाने माझ्यासमोर केलेली ही एकमेव कविता.

प्राजक्ताच्या बुडाशी कुदळ घालताना जपावे. झिजलेले स्कॅप्युलर, म्हणजे छातीवर नि पाठीवर घालायची तपकिरी कापडाची पदके, तुटलेल्या माळांचे मणी, डोके उडालेला मातीचा सांत आंतोन, हे सगळे मी तिथे पुरले आहे. फादरांनी आशीर्वाद दिलेली वस्तू आमच्यात कचऱ्यात टाकत नाहीत. जाळतात किंवा मातीच्या हवाली करतात. झावळ्यांच्या रविवारी आणलेला झावळीचा क्रूस वर्षभर तसबिरीमागे राहतो आणि राखेच्या बुधवाराआधी राख करायला देवळात परत जातो. संयोगिताला हे सांगावे लागत नाही. जो कोणी तिच्यानंतर येईल त्याच्यासाठी लिहिले.

कलम ३. बँकेत जे असेल ते अनुजाचे. तिच्या पहिल्या कम्युनियनचा, म्हणजे देवळात पहिल्यांदा प्रसाद घेतानाचा, पांढरा झगाही तिचाच. तो फिलूच्या लग्नाच्या रेशमी पोशाखातून कापून शिवलेला आहे. धुऊन, निळीचा हलका हात देऊन, सावलीत वाळवून, जुन्या मलमलीत गुंडाळून ठेवला आहे. डांबरगोळी टाकू नये, रेशीम पिवळे पडते. कडुलिंबाचा वाळलेला पाला पुरतो. पण अनुजा, माझे एक ऐक. ठेवून ठेवू नकोस. तुझ्या आजीने चांगले ते ते सगळे ठेवले. सणाला काढू, फेस्ताला काढू, पाहुणे आले की काढू. आमच्या घरात सण होऊन गेले आणि वस्तू ट्रंकेतच राहिल्या. मी मात्र तिला कधी "आज घाल" म्हणालो नाही असे नाही. म्हणायचो. ती म्हणायची, "आज काय विशेष हाय?" तो प्रश्न वर्गात कुणी विचारला असता तर मी उत्तर दिले असते. घरात सुचले नाही.

कलम ४. पितळी मेणबत्तीदान एक. याची जोडी होती. वडील गेल्यावर चुलतभाऊ सांतान याने वाटणीत एक चंदगडला नेले आणि आमच्या दोघांच्या वेद्या गेली कितीतरी वर्षे एका बाजूला उजेड, एका बाजूला अंधार अशा उभ्या आहेत. मी त्याला लिहिले होते, जोडी तोडून काय मिळाले? त्याने उलट टपाली विचारले, तू का नाही दिलेस? तेव्हा आता माझे मेणबत्तीदान मी सांतानला देतो. राग गेला म्हणून नव्हे. दोन ज्योती समोरासमोर असाव्यात म्हणून. चिंच-मीठ लावून घासून, पुसून कोरडे करून पाठवावे. त्याच्याकडचे काळे पडले असणार, त्याला कळू दे.

कलम ५. माळा दुरुस्त करायचे माझे सामान, चिमटा, पक्कड, तारेची रिळे आणि सुटे मणी, संयोगिताला. निवृत्तीनंतर आमच्या देवळातल्या बायकांच्या तुटलेल्या जपमाळा मी ओवून देत असे. तिला कडी वळवायला मीच शिकवले आणि आता ती माझ्यापेक्षा बारीक वळवते. लक्षात ठेवण्याच्या गोष्टी तिला पाठ आहेत: चांदीला टूथपावडर आणि मऊ फडके, लाकडी मण्याला बोटाच्या टोकावर मावेल एवढे खोबरेल, आणि पोवळे, मोती यांना काही नाही. ओल्या कापडाने पुसायचे, बस. त्यांना घाम चालत नाही, अत्तर चालत नाही, लिंबू तर मुळीच नाही. फिलू म्हणायची, "माझ्यासारखंच हाय ते. कशानं बी पांढरं पडतं."

कलम ६. शाळेतली कवितांची पुस्तके, जुनी, मी शिकवलेली आणि मी स्वतः ज्यातून शिकलो ती, माझे मित्र पंचाक्षरी यांना द्यायची होती. संध्याकाळी तलावाच्या कट्ट्यावर आम्ही दोघे बसतो. ते गळ्यातल्या चौकोनी डबीतले लिंग चाचपतात, मी खिशातली माळ. एकदा म्हणाले, "इनासराव, तुमची माळ, माझं लिंग. धुवायचं पाणी एकाच नळाचं, आणि तो बी चार दिवसांनी येतो." त्यांना मी साक्षीदार व्हायला सांगितले, तेव्हा राजनंदिनीने मला थांबवले. म्हणाली, "काका, जो मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सही करतो त्याला त्यातून काही घेता येत नाही. दिलंत तर तेवढं कलम बाद." म्हणून पुस्तके आजच पिशवीत भरून त्यांच्या हातात दिली. आता या कलमात काहीच उरले नाही, तरी आकडा बदलायला नको म्हणून राहू दिले आहे. मुलांनी चाल लावून म्हटलेल्या त्या कवितांतली एकही ओळ मी विसरलो नाही, आणि घरात रोज संध्याकाळी होणाऱ्या जपाचे शब्द मात्र माझे अजून मध्येच सुटतात. फिलू 'नमो मरिया' जात्यावरच्या ओवीसारखी म्हणायची. त्या लयीत माझे मन भलतीकडेच जायचे.

कलम ७. आता ज्यासाठी हे मृत्युपत्र लिहायला बसलो ते.

माझ्या सासूबाईंची पोवळ्याची जपमाळ. लाल मणी, चांदीची तार, चांदीचा क्रूस. त्यांच्या वडिलांनी बोटीवरच्या नोकरीतून आणलेली. त्या घरचा रिवाज असा की आईकडून थोरल्या लेकीला आणि थोरलीच्या पश्चात धाकटीला. थोरली माझी फिलू. धाकटी इजाबेल, राहणार चंदगड. फिलूने ती माळ कधी जपाला वापरली नाही. कापसात गुंडाळून बिस्किटाच्या डब्यात ठेवली होती. जपाला तिची वेगळी माळ होती, लाकडी, जुन्या गोव्याच्या फेस्तात, जत्रेत घेतलेली. तिचा एक मणी हरवला तेव्हा घरात दुसरा नव्हता, म्हणून मी माझ्या शर्टाचे बटण ओवून दिले. म्हणाली, "देवाला काय वाटंल?" पण मग बदलू दिले नाही. जप करताना बोट त्या बटणापाशी आले की एक डोळा उघडून माझ्याकडे बघायची.

आमच्यात गेलेल्या माणसाच्या हातात माळ गुंफून देतात. रोजच्या वापरातली, साधी. घराण्याची वस्तू जिवंत माणसाकडे जाते. हे कुणी कुणाला शिकवत नाही, सगळ्यांना माहीत असते. संयोगिताला माहीत नव्हते.

फिलू गेली तेव्हा पंचगंगा रस्त्यावर होती. चंदगडची एसटी बंद, इजाबाईला येता आले नाही. आग्नेलला विमान मिळेना. तिला आंघोळ घालून कपडे चढवायला घरात संयोगिता आणि शेजारच्या धोंडुबाई, दोघीच. मी पुरुषमाणसांत बाहेर. आणि संयोगिताच्या माहेरची रीत अशी की नवऱ्याच्या आधी गेलेली बाई अहेव, भाग्याची. तिला हिरवी साडी, चुडा, भरल्या ओटीने पाठवायचे, घरात असेल ते चांगले तिच्या अंगावर घालून. इथे हिरवा चुडा चालणार नाही एवढे तिला कळत होते. मग तिने डबा उघडला आणि घरातली सगळ्यात चांगली माळ आईंच्या हातात गुंफली. वर निशिगंधाचे हार आले. मोतीबिंदूंनी मला फक्त पांढरे दिसले.

महिना भरायच्या आत धोंडुबाईही गेल्या. माळ बघणारे दुसरे कुणी उरले नाही.

पूर ओसरल्यावर महिन्याच्या मिस्सेला, म्हणजे देवळातल्या प्रार्थनेला, इजाबाई आली. जेवणे झाल्यावर तिने माळ मागितली. हक्कानेच मागितली. संयोगिता म्हणाली, "मावशी, ती मी आईंच्या हातात दिली."

"हातात? पुरलीस?"

"आमच्यात अहेव बाईला भरून लावतात, मावशी. मला वाटलं…"

"पोवळ्याची माळ कोण पुरतंय गं? आईच्या हातात दिलीस, मग गुजरीत कुणाच्या हातात दिलीस ते बी सांग की."

गुजरी म्हणजे आमच्याकडची सराफांची पेठ. भरल्या घरात बोलली. मी म्हणालो, "इजाबाई, पोरगी खोटं बोलत नाही." ती माझ्याकडे वळली. "दाजी, तुम्ही बघितलासा का? तुमच्या डोळ्यानं?"

मी बघितले नव्हते.

तेव्हापासून इजाबाई दरवर्षी सर्व मृतांच्या दिवशी येते, कबर धुते, फुले वाहते, आणि घरी न येता परत एसटीत बसते. संयोगिता दरवर्षी थर्मासमधून चहा नेऊन कबरीच्या कठड्यावर ठेवते. तो तसाच परत येतो. देवळातल्या बायका आता संयोगिताकडे माळा ओवायला देतात, पण चांदीच्या देत नाहीत. तिने मला हे कधी सांगितले नाही. मी ओवायचो तेव्हा कोणत्या यायच्या आणि आता कोणत्या येतात, ते मला दिसते. आता डोळे स्वच्छ आहेत.

आमच्या दफनभूमीत जागा कमी. घरच्या माणसासाठी जुनी कबर पुन्हा उघडतात. माझ्यासाठी फिलूची उघडतील. तेव्हा माझी इच्छा अशी की इजाबेलला आधी बोलावून घ्यावे आणि ती कडेला उभी असल्याखेरीज खणणाऱ्याने कुदळ मारू नये. खाली गेल्यावर फावडे बाजूला ठेवून हाताने माती काढावी, चाळावी. चांदी काळी पडली असेल, पोवळ्याचा रंग गेला असेल, पण ते मातीत विरत नाही. जे सापडेल ते सगळ्यांसमोर धुऊन इजाबेलच्या ओंजळीत द्यावे. ती माळ मी या कलमाने तिला देत आहे. मी जिवंतपणी जे बघितले नाही ते माझ्या मरणाने सगळे बघतील, एवढाच त्यातला फायदा.

कलम ८. आणि काहीच सापडले नाही, तरी संयोगिता खरी. हे माझे मत नव्हे, इच्छा आहे, आणि मृत व्यक्तीची शेवटची इच्छा म्हणून ती पाळावी.

कलम ९. माझ्या अंगावर पांढरा शर्ट, धोतर आणि देवळातल्या बंधुसंघाचा तांबडा झगा घालावा. झग्याची कॉलर उसवली आहे, शिवून घ्यावी. गळ्यात माझे तपकिरी स्कॅप्युलर. हातात फिलूची लाकडी माळ, बटणाची. जी माळ तिची बोटे ओळखत होती ती वर राहिली आणि जिच्यावर तिने एकदाही जप केला नाही ती घेऊन ती गेली, याची मला फार चुटपुट आहे. तिची राहिलेली वस्तू पोचवायची म्हणून तरी जाणे सोपे होईल. मिस्सेत कुणी भाषण करू नये. केलेच तर शाळेतल्या चालीवर करावे. माझ्या स्वतःच्या दोन ओळी आहेत, त्या चालतील:

मणी मणी सरकत गेले, बोट थांबले बटणापाशी,
तू डोळा उघडून पाहशील, म्हणून आलो तुझ्या उशाशी.

वृत्तात बसत नाहीत. बसवायला वेळ होता, केले नाही.

येथे मृत्युपत्र संपत होते. सह्या करायला आज बसलो. आज सर्व मृतांचा दिवस, योगायोगाने दिवाळीचा पाडवाही. कोर्टाला सुट्टी म्हणून राजनंदिनी मोकळी. पंचाक्षरी आले. दुसरा साक्षीदार म्हणून गल्लीतल्या विश्वजितला सांगितले होते, तो पाडव्याला सासुरवाडीत अडकला. इजाबाईला मी सकाळी दफनभूमीत गाठले आणि म्हणालो, कलम सात तुझ्या नावाचे आहे, ऐकून जा. ती आली. उंबऱ्याच्या आत खुर्ची घेऊन बसली, चप्पल पायातच. पुढे जे झाले तेही लिहितो. राजनंदिनी म्हणते मृत्युपत्रात असे लिहीत नाहीत.

राजनंदिनीने मोठ्याने वाचले. कलम सात संपले तेव्हा संयोगिता स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. म्हणाली, "आण्णा, एक मागू?"

"माग."

"माती चाळायला लावू नका. आईंची हाडं हायत तिथं. माझं खरंपण असं चाळून काढायचं असंल, तर मला नको ते. मावशी मला आयुष्यभर चोर म्हणू देत. पण आईंना हलवू नका."

पंचाक्षरी गळ्यातली डबी चाचपत होते. इजाबाई जमिनीकडे बघत होती. मग तिने राजनंदिनीला विचारले, "पोरी, मघाशी त्या सहाव्यात काय वाचलंस? साक्षीदाराला काय मिळत न्हाय म्हणून?"

"हो, मावशी. साक्षीदाराच्या नावाचं कलम बाद होतं."

"कायद्यानं?"

"कायद्यानं."

"मग आण पेन हिकडं."

पंचाक्षरी खुर्चीतून अर्धे उठले. "अवो बाई, सही केलीसा तर माळ जाईल की तुमची!"

"जाऊ दे," इजाबाई म्हणाली. "जिथं हाय तिथं हाय." आणि मग दाराकडे न बघता, "ए संयोगिता. सकाळपास्नं त्यो थर्मास घिऊन हिंडायलीस. त्यातला गार झाला असंल. ताजा ठेव की."

तेव्हा कलम सात आता कायद्याने बाद आहे. मी ते खोडलेले नाही. ज्याला वाचायचे त्याने वाचावे. माझ्यासाठी कबर उघडतील तेव्हा माती चाळू नये. फावड्याला लाल काही लागलेच, तर जिथे होते तिथे परत ठेवून वर माती ओढावी. फिलूच्या हातातून कुणी काही काढायचे नाही. मी बटणाची माळ घेऊन येतोच आहे, एका हातात ती धरेल.

एवढेच वाटते की हा चहा फिलूने बघायला हवा होता. आज काय विशेष आहे, हे तिला आता सांगता आले असते.

वरील सर्व मजकूर मी लिहिला, मला वाचून दाखवला गेला, माझ्या मनाप्रमाणे आहे. दोन्ही साक्षीदारांच्या देखत मी सही केली आणि माझ्या देखत त्यांनी.

लिहून ठेवणार: इनास पास्कू बार्देस्कर (सही)

साक्षीदार पहिले: पंचाक्षरी गुरुलिंग मगदूम, राहणार कळंबा (सही)

साक्षीदार दुसरी: इजाबेल मिंगेल फर्नांडिस, राहणार चंदगड. मयत फिलोमिना हिची धाकटी बहीण, संयोगिताची मावशी. (हे शेवटचे दोन शब्द तिने स्वतः सांगून घालायला लावले.) (सही)

स्थळ: कळंबा, कोल्हापूर
दिनांक: २ नोव्हेंबर २०२४